खंबाटकीत बंद पडलेली ती गाडी आमची होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेलीच, खंबाटकी घाटात वाहन बंद पडल्यानं वाहतूक कोंडी. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री असंच जे वाहन बंद पडलं ते आमचं होतं. मागच्या लोकांनी हॉर्न वाजवून आणि खिडकीतून मुंडकी काढून जे काय सुनावलं ते सगळं पोचलंय, त्यांचं काही चुकलं नाही.

गाडी दहा वर्षांची, साधी पेट्रोल. पुण्याहून साताऱ्याला येत होतो, शिरवळ मागं पडलं आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागला, रेस केली की जायचा, पाय काढला की परत यायचा. बायको म्हणाली थांबून बघूया का, मी म्हणलं बॅटरी महिन्यापूर्वीच नवी टाकलीय, दिव्याचंच काहीतरी असेल. इथंच माती खाल्ली. त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार बहुतेक वेळा चार्जिंगची असते, म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री अजून डायनामोच म्हणतात, तो करंट देत नाहीये आणि गाडी बॅटरीत जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावर चाललीय. दिवसा, बाकी सगळं बंद ठेवून थोडंफार अंतर जाता येतं. आमचं हेडलाईट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, बायकोचा मोबाईल चार्जिंगला, सगळं चालू. घाटात ट्रकांच्या मागं थांबत सरकत जाताना आधी टेप बंद झाला, मग वायपर म्हाताऱ्यासारखा चालायला लागला, स्टेअरिंग एकदम जड, दोन आचके आणि गाडी गार. पार्किंग लाईटसुद्धा धड लागंना, भर पावसात मागनं कंटेनर येतायत आणि मी मोबाईलचा टॉर्च हलवत उभा. शेवटी एका पिकअपवाल्या दादानं टोचन लावून घाटापलीकडच्या वेळे गावापर्यंत आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं इंजिन चालू करून बॅटरीला मीटर लावला, १२ व्होल्टच्या आसपास. म्हणला चार्जिंगच नाही, डायनामोतले कार्बन, म्हणजे ब्रश, पार झिजलेत. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबाराच्या पुढं मागं दाखवते आणि चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे कमीजास्त करतो, पण दिवे लावून रेस केली तरी आकडा १३ च्या वर जाईना तर समजून जायचं. उलट १५ च्या वर गेला तर कटआऊट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय, मग बल्ब उडत राहतात आणि बॅटरीचं पाणी आटतं.

राग याचा येतो की गाडी नवी बॅटरी टाकायच्या आधीपासून सांगत होती. साताऱ्यात पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की हेडलाईट पिवळे पडायचे, गाडी हलली की परत पांढरे. बॉनेटमधनं बारीक गुणगुण यायची, रेसबरोबर वाढणारी, ते डायनामोचं बेअरिंग होतं, मी म्हणलं गाडी जुनी झाली. सकाळी सेल्फ (स्टार्टर) जड जायला लागला तेव्हा बॅटरीच्या दुकानात गेलो, दुकानदारानं मीटर काढायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, थेट नवी बॅटरी बसवली, जुनी एक्सचेंजमध्ये घेतली. महिनाभर बरं चाललं आणि मग हे असं. जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती, आता कुणाच्या गाडीत आहे देव जाणे.

डायनामो फिरवणारा पट्टा ढिला असला की पण हेच होतं. सकाळी चालू करताना किंचाळल्यासारखा आवाज आणि जळक्या रबराचा वास, एवढं असेल तर आधी पट्टा बघा, काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो आणि तो तुटला तर इंजिनसुद्धा तापून बसतं. आणि एक, डायनामो तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नका, जुन्या जीपला चालून गेलं असेल पण आजच्या गाडीचा कॉम्प्युटर त्यात उडू शकतो.

आता कास पठारावरच्या फुलांचा सीझन आणि गणपतीची गर्दी तोंडावर आहे. यवतेश्वर आणि पसरणी घाटात रात्री गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा नसते. आपल्या सातारा पानावर एक चौकट टाकून एवढं तरी छापा की लाल दिवा लागला तर घाट चढायच्या आधी थांबा. आणि बॅटरी दुकानदारांना विनंती, विकायच्या आधी एकदा मीटर लावा, दोन मिनिटं लागतात.

आपला,
एक वाचक, गोडोली, सातारा