समुद्रातल्या पवनचक्क्या आणि डॉल्फिनचे कान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्की उभी करताना खड्डा खणतात, सळयांचा पिंजरा बांधतात आणि काँक्रीट ओततात. समुद्रात बहुतेक ठिकाणी पोलादाचे भलेमोठे पोकळ खांब तळात ठोकावे लागतात. जहाजावरचा हायड्रॉलिक हातोडा दर एक-दोन सेकंदांनी घाव घालतो आणि एका खांबाला असे हजारो घाव लागतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातची जागा पिपावावजवळ आहे, म्हणजे आपली तापी ज्या खंबातच्या आखाताला मिळते त्याच्या तोंडाशी. ही वीज हवीच. पण खांब ठोकण्याच्या आवाजावर मर्यादा कोणती, हा प्रश्न पहिला घाव पडण्याआधी सुटला पाहिजे.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे ठाऊक आहे : पाण्याखाली कोणी दोन दगड एकमेकांवर आपटले की बुडी मारलेल्याला तो आवाज अगदी कानाशी ऐकू येतो, पण कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1,500. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच पोहोचतो, म्हणून आपण गोंधळतो. डॉल्फिन गोंधळत नाही. त्याच्या खालच्या जबड्यातली चरबी आवाज थेट आतल्या कानापर्यंत नेते. आखाताच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. मासा शोधणे, पिल्लाला हाक मारणे, कळपाबरोबर राहणे, सगळे कानावर चालते.

डेन्मार्कजवळ हॉर्न्स रेव्ह 2 या प्रकल्पाचे खांब 2008 मध्ये ठोकले गेले, तेव्हा पाण्यात यंत्रे सोडून पॉर्पॉइजच्या हालचाली मोजल्या होत्या. पॉर्पॉइज म्हणजे डॉल्फिनचा लहान, आखूड तोंडाचा भाऊबंद. सुमारे 18 किलोमीटरपर्यंत त्यांचा वावर घटला. अडीच किलोमीटरवर तर ठोकणे थांबल्यानंतरही एक ते तीन दिवस ते पूर्ववत झाले नाहीत. कोणी म्हणेल, गेले तर गेले, परत येतील. पण या प्राण्याला उपास परवडत नाही. डेन्मार्कमध्येच अंगावर नोंदयंत्र लावलेल्या पॉर्पॉइजनी तासाला 550 पर्यंत लहान मासे पकडण्याचे प्रयत्न केले, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक साधले. म्हणजे आवाजामुळे सोडलेला एक तास हा शेकडो घासांचा असतो. पिल्लू पाजणाऱ्या मादीला तो किती महाग पडत असेल!

जे पळत नाहीत, त्यांचे काय होते, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. फ्लोरिडात दोन डॉल्फिनना पाण्याखालची आपापली बटणे एका सेकंदाच्या आत बरोबरीने दाबायला शिकवले. शांत पाण्यात हे 85 टक्के वेळा जमे. आवाज वाढवत नेल्यावर प्रमाण 62.5 टक्क्यांवर आले. त्यांनी प्रयत्न कमी केला नव्हता : शिट्ट्या मोठ्याने आणि जवळजवळ दुप्पट लांब मारल्या, अंग वळवून एकमेकांकडे तोंड केले. जिनिंगमध्ये मजूर समोरासमोर येऊन ओरडून बोलतात, अगदी तसेच. तरीही जमेना.

नौदलाच्या सोनारची, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रणेची, गोष्ट वेगळी आणि अधिक भयंकर. 2002 मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदल सराव चालू असताना 14 चोचवाले व्हेल किनाऱ्याला लागले. त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे आणि रक्तवाहिन्या तुंबवणारे चरबीचे कण सापडले. स्पेनने 2004 पासून तिथे सोनारवर बंदी घातली. देवमासा किनाऱ्याला लागला की आपल्याकडे 'आत्महत्या' असे लिहिले जाते. तो शब्द वापरण्याआधी हे आठवावे.

खांबांच्या आवाजावर उपाय आहेत. जर्मनीत खांबापासून 750 मीटरवर एका घावाचा आवाज 160 डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत. (हा आकडा हवेतल्या डेसिबलशी जुळवू नये, पाण्याचे मोजमाप वेगळे, हवेशी ताडायचे तर सुमारे 62 वजा करावे लागतात.) त्यासाठी खांबाभोवती तळावर छिद्रांची नळी गोल अंथरतात आणि कॉम्प्रेसरने हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा वर चढतो आणि आवाज बराचसा आत अडवतो. जळगावच्या शेतकऱ्याला ही नळी म्हणजे ठिबकच वाटेल, आणि दुखणेही तेच : गाळाने छिद्रे बुजतात. एका बाजूची छिद्रे बुजली की पडद्याला खिंडार पडते आणि आवाज तिथून सुटतो. त्यात आखातात आत, भावनगरकडे, भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरपर्यंत जातो. तोंडाशी तो कमी असला तरी प्रवाह जोरदार असतो आणि बुडबुडे वर येईपर्यंत वाहून जातात. म्हणून इथे नळ्या दुहेरी हव्यात, प्रवाहाच्या दिशेने लांबवलेल्या हव्यात, प्रत्येक खांबाआधी तपासलेल्या हव्यात आणि जोराचे काम भरती-ओहोटीच्या संथ वेळेत उरकायला हवे.

नुसते दुर्बीण घेऊन माणूस उभा केला, अर्धा तास पाहिले, 500 मीटरच्या आत काही दिसले नाही म्हणून हातोडा हळूहळू सुरू केला, एवढ्यावर समाधान मानू नये. ही ब्रिटिश पद्धत कानाची इजा टाळण्यापुरती आहे. अठरा किलोमीटरवरच्या प्राण्याला तिचा उपयोग नाही, रात्री तर नाहीच.

निविदेत आणखी एक अट हवी : काम सुरू होण्याआधी किमान एक वर्ष पाण्याखालच्या आवाजाची नोंद. आणि यंत्र कोणते, तेही लिहिलेले हवे. आपल्या किनाऱ्यावरचा, पाठीवर पर नसलेला पॉर्पॉइज सुमारे 130 किलोहर्ट्झवर (सेकंदाला सुमारे 1 लाख 30 हजार कंपने) टिकटिक करतो. ती पकडायला सेकंदाला निदान तीन लाख नमुने घेणारा रेकॉर्डर लागतो. नेहमीचा 48 हजारांचा रेकॉर्डर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 24 किलोहर्ट्झच्या, वरचे काहीच ऐकत नाही. तो वर्षभर पाण्यात ठेवला आणि पॉर्पॉइज रोज त्याच्या शेजारून गेला, तरी अहवालात 'आढळला नाही' असेच लिहून येईल.

आपले,
साक्री (जि. धुळे) येथील काही वाचक