खडकीच्या मोटर-वाइंडिंग उस्तादांना जाहीर आभारपत्र

आदरणीय उस्ताद,

सविनय नमस्कार.

पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणण्याची रीत आहे आणि आपण तर माझे नाव विचारण्याआधीच मला ‘फौजी’ म्हणून हाक मारली होती. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की समोर येऊन आभार मानू लागलो की आपण ‘ते राहू दे, आधी कनेक्शन तपास’ म्हणून विषय बदलता.

नियंत्रण रेषेवर सुरुंगावर पडून माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. 1944 पासून हेच काम करणाऱ्या वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात मला नवा पाय मिळाला. तिथल्या कारागिरांनी स्टम्पचा, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाचा, प्लास्टरचा साचा घेऊन बनवलेला सॉकेट, म्हणजे ते टोक ज्यात बसते ती खोबण, फोड येणे थांबेपर्यंत, पुनःपुन्हा दुरुस्त करून दिला. चालता येऊ लागले, पण चालत जायचे कुठे हे कळत नव्हते. पेन्शन होती, तरी बत्तीस वर्षांच्या माणसाने दिवसभर पारावर बसून काय करायचे? जो तो ‘बैठे काम’ सुचवी. एका कारखान्याच्या फाटकावर खुर्ची मिळालीही, परंतु पाहुणे आले की साहेब मला पॅन्ट वर करून पाय दाखवायला लावीत, म्हणून अकराव्या दिवशी मी गेलो नाही. धीर द्यायला येणारे मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण देत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला, ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा जवान 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकतो, याचा सांगली-साताऱ्याकडच्या आम्हा सर्वांना अभिमान आहेच. पण मला पोहता येत नव्हते आणि माझी दोन मुले शाळेत होती.

पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी शिपायांसाठी 1917 साली निघालेल्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची चौकशी करायला मी खडकीला आलो होतो. नव्या तुकडीला अवकाश होता. परतताना स्टम्प ठणकू लागला म्हणून आपल्या दुकानाच्या पायरीवर टेकलो, तेव्हा आपण पाणी दिले आणि पायाकडे न पाहता विचारले, ‘हाताला कंप आहे का?’ नाही म्हटल्यावर तारेचे रीळ पुढे सरकवले. 512 आर्मी बेस वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या माणसाची ही निवड-चाचणी होती, हे मला फार उशिरा कळले.

जळालेल्या मोटरचे जुने वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तोडण्यापूर्वी टर्न (वेढे), पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधले अंतर) आणि जोडणी वहीत उतरवायची, तारेवरचे इनॅमल जाळून मायक्रोमीटरने गेज (तारेची जाडी) घ्यायचा, मग स्लॉटमध्ये, म्हणजे कॉइल बसवायच्या खाचांत, कागद घालायचा, हा क्रम आपण एकदाच सांगितला. चौथ्या दिवशी कॉइल भरताना, नसलेल्या पावलात कळ आली आणि माझी वेढ्यांची मोजणी चुकली. ‘किती झाले?’ आपण विचारले. ‘बहुतेक बासष्ट.’ आपण काही न बोलता पूर्ण कॉइल उलगडून तार माझ्या हातात दिली. त्या दुपारी मला आपला राग आला होता, हे आज कबूल करतो. पण जखमी झाल्यापासून माझी चूक कोणी चूक म्हणून धरली, ती पहिलीच वेळ होती.

आपण चाळीस वर्षे जमिनीवर बसून वाइंडिंग केलेत. मला मांडी घालता येईना, तेव्हा आपण सुताराकडून कमरेएवढे टेबल करवून घेतलेत आणि ते ‘माझ्या पाठीसाठी’ असल्याचे गिऱ्हाइकांना सांगत राहिलात. आपली पाठ दुखत नसे, हे आपल्या कन्येने मला सांगितले.

आता खटावला माझे दुकान आहे. कमी व्होल्टेजने आणि एक फेज गेल्याने जळालेल्या विहिरीवरच्या मोटरा उन्हाळ्यात रांगेने येतात आणि ऊस वाळत असलेला शेतकरी समोर उभा असतो, तेव्हा त्याला माझ्या पायात काडीचाही रस नसतो. तो फक्त ‘उद्या सकाळी मिळेल ना?’ एवढेच विचारतो. हे ऐकायला मला किती बरे वाटते, ते आपल्यालाच समजेल.

आपले मायक्रोमीटर अद्याप माझ्याकडे आहे. पुढील महिन्यात सॉकेट बदलण्यासाठी वानवडीला येणार आहे, तेव्हा ते परत करीन. दुकान आवरायला काढल्याचे कानावर आले आहे. तसे असल्यास कृपया टेबल कोणाला देऊ नये, मी टेम्पो घेऊन येतो.

आपला शिष्य,
फौजी