बाबा, बक्षीसपत्राची घाई नको

ती. बाबांना आणि आईला सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा तुम्ही "बघू गं" म्हणून फोन आईच्या हातात देता, म्हणून आता लिहूनच काढते. घर आत्ताच बक्षीसपत्र करून दादाच्या आणि माझ्या नावावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं, हे डोक्यातून काढा. तुम्हाला राजेरजवाड्यांशिवाय कुणाचं पटत नाही, तर ओरोडीस दुसरा याचं ऐका. पार्थियन राजा. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यात बलश्रीने लेकाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून घेतलंय त्यात शक, यवन, पह्लव असे तिघे ओळीने येतात ना, त्यातले पह्लव या पार्थियनांचेच भाऊबंद. हा मात्र तिकडचा, इराण-इराकवर राज्य करणारा.

इसवीसनपूर्व 57 च्या आसपास ओरोडीस आणि त्याचा भाऊ मिथ्रिडेटीस, दोघांनी मिळून स्वतःच्या बापाला मारलं. मग अर्थातच दोघांत जुंपली. ओरोडीसकडे सुरेना नावाचा सरदार होता, तिशीही न गाठलेला, सेल्युशिया शहराच्या तटावर पहिला तो चढला म्हणतात. भाऊ शेवटी शरण आला तर ओरोडीसने त्याला डोळ्यांदेखत मारवला.

पुढे 53 मध्ये रोमचा गडगंज सेनापती क्रासस चालून आला. आर्मेनियाचा राजा त्याला सांगत होता की माझ्या डोंगरातून जा, याने ऐकलं नाही, उघड्या माळावरून गेला. ओरोडीस स्वतः आर्मेनियावर गेला आणि क्राससच्या तोंडी सुरेनाला दिलं. हारानजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, लढाई झाली. रोमन वाट बघत होते की यांचे बाण कधीतरी संपतील, पण सुरेनाने उंटांवर बाण लादून आणले होते, घोडेस्वार मागे जाऊन भाते भरून परत यायचे. प्लुटार्क हा जुना ग्रीक लेखक 20,000 मेले आणि 10,000 पकडले असं लिहितो. क्राससचं मुंडकं ओरोडीसकडे पोचलं तेव्हा आर्मेनियाच्या दरबारात युरिपिडीसचं ग्रीक नाटक चाललं होतं (ओरोडीसला ग्रीक चांगलं यायचं), आणि नटाने नाटकातल्या मुंडक्याऐवजी हे खरंच हातात घेऊन पुढचं पद म्हटलं. आई, तू जेवताना वाचत असशील तर सॉरी.

आणि एवढं जिंकून देणाऱ्या सुरेनाला लगेच मारलं, का तर फार मोठा झाला. या ओरोडीसच्या नाण्यांवर पदव्यांमध्ये 'न्यायी' पण आहे बरं का! नाणं जवळून बघितलं तर कपाळावर चामखीळ स्पष्ट दिसते, बाबा तुमच्या भुवईवर आहे तशी, आणि त्याच्या वंशातल्या पुढच्या राजांच्या नाण्यांवरही दिसते.

आता मुद्द्याचं. त्याचा लाडका मुलगा पॅकोरस. 40 मध्ये त्याने सीरिया घेतला, जेरुसलेममध्ये आपला माणूस गादीवर बसवला, सगळं छान चाललं होतं, आणि 38 मध्ये रोमन सेनापती व्हेंटिडियसने त्याला लढाईत मारलं. म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि कित्येक दिवस अन्नाला शिवला नाही, एक शब्द बोलला नाही, आणि बोलायला लागला तो फक्त पॅकोरस, पॅकोरस. हा एवढा दगड माणूस, पण हे वाचताना मला वाईट वाटलंच. मुलगे होते तीस. त्यातल्या फ्राटीसला त्याने निवडलं आणि थकून जिवंतपणीच राज्य देऊन टाकलं. फ्राटीसने आधी भाऊ मारायला घेतले. बाप नाराज झाला, पण नाराज होऊन करणार काय, हातात काहीच उरलं नव्हतं. प्लुटार्क तर सांगतो की ओरोडीसला जलोदर झाला होता, मुलाने बचनाग पाजला, तर विषाने उलट पोटातलं पाणी उतरलं आणि म्हातारा बरा वाटतंय म्हणायला लागला. मग मुलाने सरळ गळा दाबला.

बाबा, दादा काही फ्राटीस नाही, वहिनी तर नाहीच नाही, आणि मला बचनाग कुठे मिळतो तेही माहीत नाही. पण उद्या दादाच्या धंद्यात कर्ज झालं, माझं इकडे काही बिनसलं, तर घरावर डोळा दुसऱ्याच कुणाचा पडेल आणि तुम्ही दोघं आपल्याच घरात पाहुणे. मी वकिलांशी बोलले. बक्षीसपत्र रजिस्टर झालं की माघारी घेणं फार अवघड. मृत्युपत्र करा, ते हवं तेव्हा बदलता येतं, उद्या आमच्यावर चिडलात तर आमचं नाव काढून टाका. आणि आधी आईला घरात मरेपर्यंत राहायचा हक्क, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या, तोंडी नको. साक्षीदार म्हणून आम्हा दोघांपैकी कुणाला घेऊ नका.

दादाला मी हेच पत्र फॉरवर्ड केलंय, त्याने अंगठ्याची इमोजी पाठवलीय, म्हणजे पटलंय. शनिवारी येते तेव्हा वकिलांकडे जाऊ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू शोधून ठेवा, बहुतेक गोदरेजच्या कपाटात आईच्या साड्यांखाली आहे.

तुमची,
छोटी