लॉकमधले पाणीही पाळीनेच वापरावे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील कालव्यांवर नॅरोबोट (राहण्याची सोय असलेली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेऊन केलेल्या सहलीविषयीचा लेख वाचला. लेख रंजक आहे. मात्र त्यात पाणी केवळ देखाव्यापुरते येते. मी गेली अकरा वर्षे यॉर्कशायरमध्ये, लीड्स-लिव्हरपूल कालव्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडून येणारे पाहुणे या सहलीचा आग्रह हटकून धरतात, म्हणून लेखात राहून गेलेली बाजू मांडावीशी वाटते.

1770 मध्ये सुरू होऊन 1816 मध्ये पूर्ण झालेला हा 127 मैलांचा कालवा पेनाइन डोंगररांग ओलांडतो. बोट तरंगायला पाणी खर्च होत नाही. ते खर्च होते बोट चढवताना आणि उतरवताना. त्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद, म्हणजे लॉक, बांधलेले आहेत. बोट आत घेऊन हौद भरला की ती वर चढते, रिकामा केला की खाली उतरते. येथील एक लॉक भरायला साधारण सव्वादोन ते अडीच लाख लिटर पाणी लागते. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने सांगायचे, तर वीस-पंचवीस टँकर, तेही चार जणांच्या सहलीतील एका पायरीसाठी! डोंगरमाथ्यावरचा टप्पा ओलांडणारी बोट एक हौदभर पाणी या उताराला आणि एक हौदभर त्या उताराला सोडून जाते. माथ्यावरच्या पाण्याची ही तूट माथ्याजवळच्या फोलरिज गावाच्या आसपासचे जुने तलाव आणि दूरवरून नळाने जोडलेला विंटरबर्नचा तलाव भरून काढतात. ते भरतात हिवाळ्यात आणि वसंतात. 2025 चा वसंत इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला आणि मे महिना सरता सरता या कालव्याच्या मोठ्या भागातील लॉक बंद करावे लागले. 2010 मध्येही ऑगस्टच्या आरंभी सुमारे 60 मैलांचा भाग असाच बंद झाला होता.

लॉक बंद करणे हा आडमुठेपणा नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. कालव्याचा तळ कालवलेल्या चिकणमातीचा असतो. तो उघडा पडून तडकला, तर पुढे पाऊस आला तरी पाणी झिरपून जाते. शिवाय मासे आहेत, आणि बोट हेच घर असलेली हजारो माणसे आहेत. बांधून ठेवायला कायमची जागा नसलेल्या बोटींना एरवी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त एका जागी थांबता येत नाही. लॉकला कुलूप लागले की हीच माणसे महिनोन्‌महिने एका टप्प्यात अडकतात आणि पिण्याच्या पाण्याचा नळ व मैला रिकामा करण्याची जागा त्याच टप्प्यात आहे की नाही, यावर त्यांचे सगळे अवलंबून राहते. सहलीला आलेल्या आपल्या मंडळींची हिरमोड झालेली सुट्टी त्यापुढे किरकोळच.

माझा मुद्दा बंदी येण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांचा आहे. वर चढणारी बोट भरलेल्या लॉकमधून बाहेर पडली आणि समोरून उतरणारी बोट लगेच आत आली, तर एकाच हौदावर दोघींचे काम होते. येथील लॉक रुंद असल्याने दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. म्हणजे दोन चढत्या आणि दोन उतरत्या अशा चार बोटी एका हौदभर पाण्यात जातात. त्याच चार बोटी एकामागून एक, एकेकट्या, एकाच दिशेने गेल्या, तर चार हौद जातात. आज ही काटकसर बहुतांशी बोटवाल्यांच्या सौजन्यावर सोडलेली आहे. लॉकच्या वेळा कमी करतात, रात्री कुलपे लावतात, पण दिवसा जो आधी येईल तो आधी जातो.

माझे बालपण नगर जिल्ह्यात कालव्याच्या शेपटाकडे गेले. शेजपाळीचा कागद, म्हणजे पाटाचे पाणी कोणाच्या शेताला कधी मिळणार याचे वेळापत्रक, म्हणजे काय आणि तो पाळला गेला नाही तर काय होते, हे आमच्या घरात कोणालाही समजावून सांगावे लागत नसे. (वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांना मात्र ते अधूनमधून समजावून सांगावे लागे.) तलाव मार्चमध्येच अपुरे दिसत असतील, तर त्याच वेळी आठवड्यातले वार ठरवून, आगाऊ नोंदणी घेऊन, बोटी जोडीजोडीने आणि आलटून पालटून दोन्ही दिशांनी सोडाव्यात. हे अशक्य नाही. हडर्सफील्ड नॅरो कालव्यावरील स्टँडेजचा लांबलचक बोगदा आजही आगाऊ नोंदणी करूनच ओलांडता येतो आणि बिंग्लीच्या 1774 मधील पाच पायऱ्यांच्या लॉकवर माणूस उभा असतो. तसेच वेळापत्रक टंचाईच्या वर्षी डोंगरमाथ्याच्या दोन्ही बाजूंच्या लॉकना लावावे. त्याने दुष्काळ टळणार नाही, पण कुलूप काही आठवडे पुढे जाईल आणि तारीख आधी कळेल.

बेफिकिरीने काय होते, ते आमच्याच हातून घडलेल्या चुकीवरून सांगतो. एका संध्याकाळी गारग्रेव्हजवळ लॉक ओलांडल्यावर पावसाच्या सरी आल्या म्हणून आम्ही घाईने निघालो आणि खालच्या दरवाजातली पाणी सोडण्याची झडप दोन दाते वर, म्हणजे थोडी उघडी, राहिली. वरचे दरवाजेही नीट मिटले नव्हते. सकाळी चहाचा कप टेबलावरून आपोआप घसरला, तेव्हा बोट कलल्याचे लक्षात आले. वरच्या टप्प्यातले पाणी रात्रभरात निघून गेले होते, काठाशी हातभर चिखल उघडा पडला होता आणि शेजारच्या बोटीतले वृद्ध गृहस्थ पायजम्यावरच, हातात झडपेचे हँडल घेऊन, एक शब्दही न बोलता लॉककडे चालले होते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात कोणी नॅरोबोटीचे पैसे भरणार असेल, तर त्याने आधी कंपनीला मार्गात किती लॉक आहेत, ते बंद झाले तर पर्यायी मार्ग कोणता आणि पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारावे. गारग्रेव्हच्या अलीकडून स्किप्टनमार्गे बिंग्लीपर्यंत सुमारे 17 मैल एकही लॉक नाही. त्या टप्प्यात आठवडा मजेत जातो आणि डोंगरावरच्या तलावातला एक हौदही त्यासाठी सोडावा लागत नाही.

आपला,
एक वाचक, स्किप्टन (इंग्लंड)