प्रोपेन संघटनेला दराबद्दल नव्हे, गळती-तपासणीबद्दल विचारा

महोदय,

अमेरिकेतील प्रोपेन या घरगुती इंधन-गॅसच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेवरचा कालचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार, पण विकलेल्या प्रत्येक गॅलनमागे गोळा होणाऱ्या पैशातून ही संघटना लॉबिंग करते, असे सांगताना लेखात दोन वेगळ्या संस्थांची गल्लत झाली आहे. नॅशनल प्रोपेन गॅस असोसिएशन ही सभासदांची व्यापारी संघटना आहे. ती सरकारदरबारी विक्रेत्यांची बाजू मांडते आणि ते लपवतही नाही. गॅलनमागे आकारणी होते ती मात्र प्रोपेन एज्युकेशन अँड रिसर्च कौन्सिलसाठी. १९९६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या कौन्सिलला तो पैसा कायदे वा निवडणुकांवर प्रभाव पाडण्यासाठी वापरता येत नाही. तेव्हा ‘गॅलनमागच्या पैशातून लॉबिंग’ हे विधान चुकीचे आहे.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सगळा लेख दरांवर खर्ची पडला आणि घराची प्रोपेनची टाकी पूर्ण रिकामी झाल्यानंतरच्या गळती-तपासणीवर एक ओळही नाही! गॅस संपला की शेगडी, हीटर विझतात आणि एखादी कळ उघडीच राहते. टाकी तशीच भरून पुरवठा सुरू केला, तर त्या कळीतून गॅस थेट घरात येतो. म्हणून आधी सर्व उपकरणे बंद करायची, टाकीचा व्हॉल्व्ह आणि पहिला रेग्युलेटर यांच्यामध्ये दाबमापक बसवायचा, टाकीचा पूर्ण दाब नळीत सोडून व्हॉल्व्ह बंद करायचा. मग थोडा गॅस सोडून दाब १० पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) उतरवायचा आणि ३ मिनिटे थांबायचे. काटा खाली गेला तर नळीत गळती. वर चढला तर टाकीचा व्हॉल्व्हच नीट बसत नाही. तो १० पीएसआयचा उतार ठेवतात तो याचसाठी. दुसरे म्हणजे, रिकाम्या टाकीत हवा आणि ओल शिरली की आतून गंज धरतो आणि गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या रसायनाचा वास तो गंज खातो. गळती झाली तरी नाकाला कळत नाही.

ही तपासणी वेळ खाते. जो विक्रेता ती गाळतो तो दिवसाला जास्त टाक्या भरतो, आणि जो करतो तो मागे पडतो. एकट्या प्रामाणिक विक्रेत्याने हे सुटत नाही. सर्वांना एकच शिस्त लावणे, टाक्या भरणाऱ्या गाड्यांच्या चालकांना प्रशिक्षण देणे, एनएफपीए ५८ सारख्या गॅस-सुरक्षा संहितेच्या समितीत बसून नियम व्यवहार्य ठेवणे हे संघटनेचे काम आहे. तपासणी गाळणाऱ्या सभासदाचे संघटना काय करते, हा प्रश्न लेखकाने विचारायला हवा होता.

आणि लेखासोबतची ती सल्ल्याची चौकट! गळती झाल्यास ‘खिडक्या उघडून पंखा लावा’ हा सल्ला जिवावर बेतेल. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, तो जमिनीलगत आणि तळघरात साचतो. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे वर गेले की पंख्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, सर्वांनी लगेच बाहेर पडावे, धोका नसेल तर टाकीचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करावा आणि फोन दूर जाऊन करावा. ही दुरुस्ती उद्याच्या अंकात, तितक्याच मोठ्या चौकटीत छापावी.

— एक वाचक