डाव्या हाताशी रचलेलं सरपण

काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. परवा कुंपणापाशी मी नुसती सुरुवात केली, तर तुम्ही म्हणालात, "ते राहू दे, बटाटे सफरचंदांपासून लांब ठेवलेत ना?" ठेवलेत. सफरचंदांतून वायू निघतो, बटाटे त्यांच्याजवळ नकोत, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. म्हणून आता लिहूनच टाकते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. लिहिलेल्याला मध्येच तोडता येत नाही.

खांदा मोडला तो पानगळीच्या तोंडावर. कसा मोडला, डॉक्टर काय म्हणाले, ते सगळं सांगून झालंय, इथे नको. उजवा हात गळ्यात आणि समोर वर्षातले सगळ्यात कामाचे दिवस. थंड मुलखात जमीन धरून राहणाऱ्यांना हे समजावायला नको. उन्हाळ्यातलं काम उद्यावर ढकलता येतं. पानगळीतल्या कामाला उद्या नसतो. बागेच्या नळीतलं पाणी काढायचं राहिलं, तर ते गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि नळी फोडून मोकळं होतं. भोपळे हिवाच्या आधी, देठ राखून काढायचे. लसणाच्या पाकळ्या जमीन दगड होण्याआधी मातीत जायला हव्यात. आणि या सगळ्याच्या वर सरपण.

ज्याने लाकूड आणून टाकलं त्याचं नाव घेत नाही. 'दोन वर्षं वाळलेलं' म्हणून अंगणात ढीग ओतला आणि निघून गेला. टोकांना एक चीर नाही, साल घट्ट चिकटलेली. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळलेलं लाकूड टणकन वाजतं, हे बद्द वाजत होतं. जाळायच्या लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या आत हवं. त्याहून ओलं असलं की आगीतली काही धग ते पाणी उकळण्यातच जाते, घर ऊबत नाही, आणि धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटत जातो. तो थर पेटला की काय होतं ते विचारायला नको. मी फोन केला तर म्हणतो कसा, "शेगडीजवळ ठेवा, वाळेल." एवढा ढीग शेगडीजवळ ठेवायचा तर मी झोपायचं कुठे?

पण त्याचा राग आता ओसरलाय. त्याने निदान लाकूड तरी आणलं. जास्त लागून राहिलेत ते "काही लागलं तर सांग हं" म्हणणारे. फार सोयीचं वाक्य आहे ते. म्हणणारा सुटतो आणि सगळा विचार अडलेल्याच्या गळ्यात पडतो: काय मागावं, कोणाकडे मागावं, कुणाची अडचण होईल, कोणत्या शब्दांत मागावं. मी एकदा खरंच सांगितलं, ढिगावर ताडपत्री ओढायला या म्हणून. गृहस्थ आले, खिशात हात घालून ढिगाभोवती एक चक्कर मारली, "हे तुम्हाला एकटीला झेपायचं नाही," असं निदान केलं, कोंबड्या विकून टाकायचा सल्ला दिला आणि गेले. ताडपत्री मी दातात दोरी धरून ओढली.

तुम्ही मात्र "काही लागलं तर" म्हणालाच नाहीत. फाटक ढकलून आलात आणि पहिला प्रश्न काय, तर "तुमच्या कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली का?" हाताकडे बघितलंसुद्धा नाहीत. त्या सगळ्या दिवसांत मला पहिल्यांदाच कुणीतरी असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर मला येत होतं. मग काय, आपण त्या पिसांवर किती बोललो! दिवस लहान झाला की अंडी कमी होणारच. खुराड्यात दिवा लावून त्यांना फसवायचं की बिचाऱ्यांना विसावा द्यायचा, यावर आपलं भांडणच झालं. पिसं म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनं, तेव्हा या दिवसांत खाद्य तसंच हवं, यावर एकमत झालं. खुराड्याची एकूणएक फट बुजवा म्हणून मला सगळ्यांनी बजावलं होतं. तुम्ही वरची फट उघडी ठेवायला लावलीत. कोंबडी थंडी सोसते, पण कोंडलेली ओल तिच्या तुऱ्याला बाधते. आणि तुमचा तो आगाऊ कोंबडा! त्याच्या तक्रारी सांगता सांगता तुम्ही कुऱ्हाड कधी उचललीत ते मला कळलंही नाही.

ढिगातून अ‍ॅशच्या झाडाचं लाकूड वेगळं काढलंत, त्यात मुळात पाणी कमी म्हणून. ओक पुढल्याच्या पुढल्या वर्षासाठी मागे सारलात. तुमच्या घरचं वाळलेलं लाकूड गाडाभर आणून ओतलंत आणि वर म्हणालात, "माझ्याकडे जागा अडत होती." काकू, तुमची शेड मी पाहिली आहे. तिथे गाय बांधता येईल एवढी जागा आहे.

हे सगळं मोठंच आहे, आणि त्यासाठी आभार आहेतच. पण पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

पहिलं कडक हिव पडलं त्या रात्री शेगडी विझत आली म्हणून मी शेडमध्ये गेले. अंधारच होता. दार लोटलं, सवयीने उजवीकडे वळले, तर तिथे नुसती भिंत. सरपण डावीकडे होतं. इतकी वर्षं ते उजवीकडे रचलं जातंय, तुम्हालाही ते माहीत आहे. हात पुढे केला तर थप्पी कमरेच्या उंचीवरच संपलेली; वर चढवायला जागा असताना तुम्ही ती मागे लांबवत नेली होती. एक तुकडा उचलला, तो मुठीत मावला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. एका हाताने, तेही डाव्या हाताने, धरता येतील एवढे बारीक फोडलेले. चिपाट्यांची बादली दाराच्या डाव्या खिळ्याला अडकवलेली, आणि तिच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, थंड लोखंड हाताला लागू नये म्हणून.

जाड ओंडका जास्त वेळ धग धरतो, बारीक फोडणं म्हणजे लाकडाची नासाडी, हे तुमचंच मत. त्यावरून तुम्ही मला पूर्वी बोलही लावलेत. तरी ज्या ओंडक्याचे चार व्हायचे त्याचे आठ केलेत. तेवढे घाव तुमच्या खांद्यांनी जास्त घातले. आणि यातलं एक अक्षर तुम्ही बोलला नाहीत, कोंबड्याचंच सांगत राहिलात.

मी दार कोणत्या हाताने लोटते, पायरीवर कुठे अडखळते, बादली कुठून उचलते, हे तुम्ही त्या गप्पांमधूनच टिपलं असणार. हवापाण्याच्या गप्पांना लोक रिकामटेकडेपणा म्हणतात. म्हणोत. मोठं मन असलेली माणसं मला पुष्कळ भेटली, बघण्याची नजर असलेली फार थोडी. चांगुलपणा मला तरी त्या नजरेतच दिसतो: दुसऱ्याचं उघडं राहिलेलं फाटक जाता जाता लावून घेणाऱ्यात, वाऱ्याने पडलेला कुंपणाचा खांब उभा करून न सांगता पुढे जाणाऱ्यात. अशी माणसं आहेत, कमी आहेत, आणि त्यांच्याविषयी कुणी काही लिहीत नाही, कारण ती स्वतःहून काही सांगत नाहीत.

हात आता गळ्यातून सुटलाय, वजन उचलायला मात्र अजून मनाई आहे. थप्पी निम्म्यावर आली, ऊब पुरतेय. लसणाच्या ओळींवर तुम्ही पाला पसरायला सांगितला होता, मी पेंढाच पसरलाय. पाला ओला होऊन दडपून बसतो, बारीक केल्याशिवाय चालत नाही, आणि तो बारीक करायला सध्या हात नाही. या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही, आधीच सांगून ठेवते. भांडायला या. धुराड्याचा ब्रशही माझ्याकडेच राहिलाय, तो घेऊन जा. आणि तो कोंबडा पोस्टमनच्या मागे धावला, तिथपर्यंत गोष्ट आली होती. पुढे काय झालं?

तुमची,
कुंपणापलीकडची