नमुना मोठा म्हणून खरा नव्हे

महोदय,
मतदार सर्वेक्षणांची चर्चा ‘कोण जिंकणार’ याभोवतीच फिरते. त्यात नमुना, म्हणजे विचारलेल्या मतदारांचा गट, किती मोठा, याची फुशारकी! १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक उत्तरे आली होती. अंदाज होता लँडन जिंकण्याचा, निवडून आले रूझवेल्ट. नावे घेतली होती टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारनोंदणीतून, म्हणजे त्या काळच्या खात्यापित्या घरांची; शिवाय बहुतेकांनी उत्तरच पाठवले नाही. मला निकालानंतरची सर्वेक्षणे अधिक मोलाची वाटतात. मते कोणाला पडली हे मतमोजणीत कळते. का दिली, हे मतदारालाच विचारावे लागते. तिथेही मेख आहेच: केंद्राकडे न फिरकलेले काहीजण ‘मत दिले’ असे बिनदिक्कत सांगतात. तेव्हा टक्केवारी छापताना नेमका प्रश्न आणि नमुना कसा निवडला, हेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक